नीलचित्रकर्ती ॲना ॲटकिन्स

पूर्वी घर बांधायला काढले की इंजिनियरसाहेब एक निळा कागद आणून टेबलावर पसरीत असत. गर्द निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा नि पांढरे आकडे. ही माजघराची भिंत, हे स्वयंपाकघर, हे देवघर. त्या नकाशाला ‘ब्ल्यू प्रिंट’ म्हणत. आता तसे कागद वापरात राहिलेले नाहीत, तरी कोणत्याही योजनेच्या आराखड्याला ते नाव चिकटून राहिले आहे. तो निळा कागद तयार कसा होई, आणि त्या निळाईचा पहिला मोठा उपयोग कोणी केला, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. तो उपयोग घरांच्या नकाशांसाठी झालाच नव्हता. इंग्लंडातल्या एका गृहिणीने समुद्रातल्या शेवाळांची चित्रे घेण्यासाठी तो केला. त्या गृहिणीचे नाव ॲना ॲटकिन्स.

हीच निळ्या छापाची कला पुढे कागदावरून कापडावर उतरली. सुती कापडावर नेच्याचे पान ठेवायचे, उन्हात छाप घ्यायचा, आणि अशा तुकड्यांतून भिंतीवर लावण्याचे पट शिवायचे, हा छंद आज देशोदेशींच्या स्त्रिया आवडीने करतात. असे वॉल हँगिंग, म्हणजे आपल्या भाषेत भित्तिपट, आपल्यापैकी काही जणींनी पाहिले असतील, काही जणी करूही पाहत असतील. ज्या बाईंनी ही वाट घालून दिली त्यांचे चरित्र आधी जाणून घेतले, तर हातातल्या कामाला वेगळाच अर्थ येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

ॲनाचा जन्म १६ मार्च १७९९ रोजी इंग्लंडातील केंट परगण्यात, टनब्रिज या गावी झाला. मूल जन्मले, पण आई त्या बाळंतपणातून पुरती सावरली नाही. १८०० साली ती गेली. ॲना एकुलती एक. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे मोठे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. रसायन, खनिजे, कीटक, शंखशिंपले अशा अनेक विषयांत त्यांना गती होती. टनब्रिजच्या राहत्या घरी त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. विजेवर प्रयोग करण्यासाठी तेथे त्यांनी प्रचंड आकाराची घटमाला उभारली होती, आणि सर हंफ्री डेव्हींसारखे नामांकित शास्त्रज्ञ ती पाहायला आणि प्रयोग करायला येत असत. आईवेगळी ॲना या मंडळींच्या अवतीभवती वाढली. इतर मुली बाहुल्यांशी खेळतात त्या वयात काचेची नळकांडी, तांब्याजस्ताचे पत्रे आणि रसायनांच्या बाटल्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या.

त्या काळी चांगल्या घरच्या इंग्रज मुलींना शिकवीत ते थोडे चित्रकाम, थोडे संगीत, थोडे भरतकाम, आणि चारचौघांत वागण्याची रीत. शास्त्रे शिकवणे हे मुलींच्या बाबतीत वायफळ समजत. चिल्ड्रनसाहेबांनी ही रीत मानली नाही. त्यांनी मुलीला आपल्या अभ्यासात ओढून घेतले. बापलेकीचे हे सख्य पुढे आयुष्यभर टिकले. ॲनाच्या हातून जे मोठे काम झाले त्याचे मूळ याच सख्यात आहे.

मध्यंतरी घरावर संकट आले. घराण्याची पेढी होती ती बुडाली आणि सुखवस्तू घर उघड्यावर आले. १८१६ साली वडिलांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी धरली. ॲना तेव्हा सतरा वर्षांची. ज्या वडिलांनी शास्त्राचा नाद हौस म्हणून केला त्यांना आता तोच पोटासाठी करावा लागला. पण मुलीचे शिक्षण त्यांनी थांबू दिले नाही. उलट ती त्यांची मदतनीस झाली. लामार्क या फ्रेंच पंडितांचा शंखशिंपल्यांच्या जातींवरचा ग्रंथ वडिलांनी इंग्रजीत आणला. ते भाषांतर १८२२ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झाले. त्यासाठी ॲनाने अडीचशेहून अधिक शिंपल्यांची चित्रे काढली. शिंपल्याचे चित्र म्हणजे रांगोळीतली वेलबुट्टी नव्हे. त्याच्या कडेची एक खाच कमीजास्त झाली तर जात बदलते. अभ्यासकाने त्या चित्रावर भरवसा ठेवायचा असतो. विशीतल्या मुलीने हा भरवसा मिळवला. पण हाताने कितीही काळजीपूर्वक रेखाटले तरी निसर्गाचे बारकावे पुरते पकडता येत नाहीत, हेही तिला याच कामात उमगले असले पाहिजे. पुढे त्यांनी जो मार्ग पत्करला तो पाहिला म्हणजे तसे वाटते.

१८२५ साली त्यांचा विवाह जॉन पेली ॲटकिन्स यांच्याशी झाला आणि त्या केंटमधील हॉलस्टेड प्लेस या मोठ्या वाड्यात राहायला गेल्या. सासरे लंडनचे महापौर होऊन गेलेले. पतीचा व्यापार वेस्ट इंडीज बेटांशी होता. त्या बेटांवरचे मळे त्या काळी गुलामांच्या घामावर उभे होते, ही गोष्ट या घराण्याच्या श्रीमंतीचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही. ॲनाबाईंना मूलबाळ झाले नाही. घरात नोकरचाकर होते, वेळ होता. असा वेळ हाताशी आला म्हणजे पुष्कळ जणी पत्ते आणि पाहुणचार यांत तो घालवीत. ॲनाबाईंनी वनस्पती गोळा करायला सुरुवात केली. रानातली, बागेतली, समुद्रकाठची रोपे आणायची, दाबून वाळवायची, कागदावर लावायची, नाव लिहायचे. असा संग्रह त्यांनी वर्षानुवर्षे वाढवला.

१८३९ साली लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. ही नवी संस्था स्त्रियांना प्रवेश देत असे, म्हणून हे घडले. ज्या रॉयल सोसायटीचे त्यांचे वडील कित्येक वर्षे चिटणीस होते, त्या संस्थेने पहिल्या स्त्री फेलो निवडल्या त्या १९४५ साली. म्हणजे वडिलांच्या सभेतल्या खुर्चीत मुलीला बसता येण्यासाठी आणखी शंभराहून जास्त वर्षे जावी लागली. ॲनाबाईंनी त्याबद्दल कुठे तक्रार केल्याचे दिसत नाही. त्या आपले काम करीत राहिल्या.

१८३९ हे साल आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. फ्रान्समध्ये दागेर यांची रीत जाहीर झाली आणि इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी आपली रीत रॉयल सोसायटीपुढे मांडली. टॅल्बट हे चिल्ड्रनसाहेबांच्या ओळखीचे. म्युझियममधून निवृत्त होऊन वडील आता मुलीच्या घरी राहायला आले होते. म्हातारा बाप आणि चाळिशी ओलांडलेली लेक, दोघांनी मिळून ही नवी विद्या शिकण्याचा ध्यास घेतला. वडिलांनी मुलीसाठी कॅमेराही मागवला. त्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्र आज उपलब्ध नाही, परंतु या खटपटीतून त्यांचा हात रसायनांवर बसला, हे नक्की.

मग १८४२ साली सर जॉन हर्शेल यांनी निळ्या छापाची रीत शोधून काढली. हर्शेल हे मोठे ज्योतिर्विद आणि रसायनज्ञ. ते केंटमध्येच राहत आणि चिल्ड्रन कुटुंबाचे स्नेही होते. निळ्यासाठी जो ग्रीक शब्द आहे त्यावरून त्यांनी या रीतीला सायनोटाइप असे नाव दिले. टॅल्बट यांच्या रीतीला चांदीचे क्षार लागत. ते महाग, आणि चित्र टिकवणेही अवघड. हर्शेल यांच्या रीतीला लागतात ते लोखंडाचे क्षार, आणि चित्र पक्के करायला साधे पाणी पुरते.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रव्ये वेगवेगळी पाण्यात विरघळवून मग एकत्र करतात आणि ते पाणी कागदाला लावतात. अंधारात वाळवलेला असा कागद पिवळट हिरवा दिसतो. त्याच्यावर ऊन पडले की त्यातल्या लोखंडाचे रूप बदलते आणि ते दुसऱ्या द्रव्याशी मिळून ‘प्रशियन ब्ल्यू’ नावाचा निळा रंग तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, धाग्यांना घट्ट धरून बसतो. जेथे ऊन पोचले नाही तेथले द्रव्य मात्र जसेच्या तसे राहते आणि धुताना निघून जाते. म्हणून त्या कागदावर पान ठेवले तर पानाखालची जागा पांढरी राहते आणि भोवती निळाई पसरते. पान पातळ असेल तेथे थोडे ऊन आरपार जाते आणि फिकी निळी छटा उमटते. शिरा, देठ, कडेचे दाते, सगळे जिथल्या तिथे आणि जेवढ्याला तेवढे. इथे कॅमेरा लागत नाही, कुंचल्याने रेखाटावे लागत नाही. चित्र काढतो तो सूर्य.

ॲनाबाईंनी ही रीत ऐकली आणि आपल्याला काय हवे होते ते त्यांना एकदम गवसले. त्याआधीच्या वर्षी, १८४१ साली, विल्यम हार्वे यांचा ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शेवाळांवर एक उत्तम माहितीचा ग्रंथ निघाला होता. पण त्यात चित्र नव्हते. शेवाळ म्हणजे काय, तर केसाइतके बारीक फाटे, पाण्यात असेपर्यंत डौलदार आणि बाहेर काढले की लगद्यासारखे. त्याचे चित्र काढायला चितारी मिळेना, मिळाला तर खर्च परवडेना, आणि खर्च केला तरी फाटे खरे निघतील याची खात्री नाही. हार्वे यांच्या ग्रंथाला जोड म्हणून सर्व शेवाळांचे निळे छाप घेऊन पुस्तक करायचे, असे ॲनाबाईंनी ठरवले.

काम सांगायला सोपे, करायला जिकिरीचे होते. किनाऱ्यावरून स्वतः आणलेले किंवा स्नेह्यांनी पाठवलेले शेवाळ आधी गोड्या पाण्यात धुवायचे. मीठ राहिले तर डाग पडतो. मग त्याचे फाटे सुईने एकेक सोडवून पसरायचे आणि वाळवायचे. कागदाला अंधाऱ्या खोलीत रसायन लावायचे. त्यावर शेवाळ, शेवाळाच्या खाली त्याच्या शास्त्रीय नावाची चिठ्ठी, वर काच, आणि सगळे जुळवून उन्हात ठेवायचे. इंग्लंडचे ऊन म्हणजे चार घटकांचा पाहुणा. ढग आला की अंदाज चुकला. छाप झाला की धुणे, वाळवणे, दाबून सपाट करणे. असे एक पान तयार झाले की दुसऱ्या प्रतीसाठी तोच सारा खटाटोप पुन्हा करायचा, कारण या रीतीत एका ठशावरून हजार प्रती निघत नाहीत. प्रत्येक पान स्वतंत्रपणे उन्हात ठेवावे लागते.

ऑक्टोबर १८४३ मध्ये ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्गी’ या त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग तयार झाला. नुसती चित्रेच नव्हेत तर प्रस्तावना, नावे, अनुक्रम हा सगळा मजकूरही त्यांनी हाताने लिहून त्याच निळ्या रीतीने छापला. पुस्तकात छापखान्याचा एक खिळादेखील लागला नाही. टॅल्बट यांच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या प्रसिद्ध पुस्तकाचा पहिला भाग १८४४ साली निघाला. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून आज अभ्यासक ॲनाबाईंच्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. त्यांनी ते आपल्या वडिलांना अर्पण केले.

हे काम पुढे दहा वर्षे चालले. भागामागून भाग निघत गेले आणि १८५३ साली तीन खंड पुरे झाले. चारशेच्या आसपास पाने भरली. या पुस्तकाच्या संपूर्ण वा अपूर्ण अशा वीसच्या आसपास प्रती आज जगात ठाऊक आहेत. डझनभरच पुऱ्या प्रती धरल्या तरी पाने पाच हजारांच्या घरात जातात. पाच हजार वेळा कागद भिजवला, पाच हजार वेळा आकाशाकडे पाहिले, पाच हजार वेळा पाणी बदलले. आपल्यापैकी जिने एका पावसाळ्यात पापड-कुरडयांचा घाणा सांभाळला आहे, तिला या आकड्याचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगायला नको. आणि हे पुस्तक विक्रीला नव्हते. ॲनाबाई ते भाग विद्वान स्नेह्यांना आणि संस्थांना भेट म्हणून पाठवीत. ज्याच्याकडे जातील त्याने ते सांभाळून शिवून घ्यायचे. म्हणून एक प्रत दुसरीसारखी तंतोतंत नाही.

काम संपत आले असतानाच १८५२ सालच्या पहिल्या दिवशी वडील वारले. ज्यांनी अक्षरओळख करून दिली, ज्यांच्या बरोबर हे सारे आरंभले, ते गेले. ॲनाबाई खचल्या. त्या वेळी धावून आली ती लहानपणापासूनची मैत्रीण, ॲन डिक्सन. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या आणि सख्ख्या बहिणींसारख्या वाढलेल्या. डिक्सनबाई हॉलस्टेडला येऊन राहिल्या. दुःखात असलेल्या मैत्रिणीजवळ त्या नुसत्या बसून राहिल्या नाहीत. दोघींनी मिळून पुन्हा कागद भिजवायला घेतले. या वेळी विषय निवडला तो नेचे आणि फुलझाडे. ब्रिटनमधल्या नेच्यांबरोबर जमेकासारख्या दूरदेशींचे नेचेही त्यांनी घेतले. १८५३ आणि १८५४ साली अशा निळ्या चित्रांचे संग्रह त्यांनी तयार केले. पुढे पक्ष्यांची पिसे आणि विणलेल्या लेसचे तुकडेही दोघींच्या छापांत आले. शेवाळांच्या पुस्तकात शास्त्र पुढे होते. या नंतरच्या कामात शोभेलाही जागा मिळाली. नेच्याचे एकच पान कागदभर तिरपे पसरून ठेवलेले पाहिले म्हणजे ते मुद्दाम विचार करून मांडले आहे, हे ध्यानात येते. लेसची जाळी तर पांढऱ्या धाग्यांनी निळ्यावर विणल्यासारखी दिसते. आजच्या कापडी पटांची पूर्वज शोधायची तर ती या चित्रांत सापडेल.

वडिलांच्या आठवणींचे एक पुस्तकही ॲनाबाईंनी १८५३ साली खाजगीरीत्या छापून घेतले. १८६५ साली त्यांनी आपला वाळवलेल्या वनस्पतींचा सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्याच्या आदल्याच वर्षी डिक्सनबाईही गेल्या होत्या. ९ जून १८७१ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, हॉलस्टेड प्लेस येथेच ॲनाबाईंचे निधन झाले.

यानंतर जे घडले ते या चरित्रातले सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण आहे. ॲनाबाईंनी पुस्तकातल्या प्रत्येक शेवाळाचे पुरे नाव काळजीने लिहिले होते. कोणत्या कुळातले, कोणत्या जातीचे, यात कुठे कसूर नाही. पण स्वतःचे नाव लिहिण्याची वेळ आली तेथे त्यांनी प्रस्तावनेखाली फक्त दोन अक्षरे घातली, ए. ए. ज्यांना त्या पुस्तक देत त्यांना ती कोणाची हे ठाऊक होते, म्हणून त्यांना एवढे पुरेसे वाटले असेल. पण ज्यांना ठाऊक होते ती माणसे एकामागून एक गेली. त्यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांत ग्लासगो येथील विल्यम लँग या अभ्यासकाच्या पाहण्यात हे पुस्तक आले. त्याला चित्रे फार आवडली, त्यावर त्याने लिहिलेही. परंतु ए. ए. म्हणजे कोण हे त्याला कळेना. ही अक्षरे कोणा अनामिक हौशी व्यक्तीची असावीत, असा त्याने तर्क केला, कारण इंग्रजीत त्या दोन शब्दांची आद्याक्षरेही तीच होतात. पुढे खरा उलगडा झाला, पण नाव सर्वतोमुखी व्हायला आणखी पुष्कळ काळ गेला. १९८५ साली लॅरी शाफ या संशोधकाने त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. हर्शेल यांना भेट मिळालेली प्रत याच ग्रंथालयात आहे.

दहा वर्षांचे काम आणि त्याखाली दोन अक्षरे. यात विनय होता यात शंका नाही. पण या विनयाची किंमत कामालाच द्यावी लागली. छायाचित्रणाचा इतिहास सांगणाऱ्यांनी टॅल्बट यांचे नाव लिहिले, हर्शेल यांचे लिहिले, आणि या बाई मात्र मधल्या मधे गळाल्या. आपल्याकडे याहून वेगळे काय झाले? जुन्या वाड्यांतून काचेत बसवलेले भरतकाम, मण्यांची तोरणे, लोकरीचे ‘सुस्वागतम्’ आपण पाहिले आहे. ते कोणी केले हे विचारावे तर घरातल्या थोरल्या मंडळींनाही धड सांगता येत नाही. कोणी आत्या होती, कोणी काकू होती, एवढेच. वस्तू उरते आणि बाई पुसली जाते.

आता ज्या भगिनींना या रीतीने कापडावर छाप घेऊन भित्तिपट करावासा वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. कापड सुती, तागाचे वा रेशमी हवे. नायलॉन-टेरिलीनवर रंग धरत नाही. कोरा मांजरपाट घेतला तर तो आधी चांगला धुऊन त्याची खळ काढून टाकावी. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, अशी दोन पाणी वेगवेगळ्या गडद बाटल्यांत करून ठेवावी. लागेल तेवढेच दोन्ही सारख्या मापाने एकत्र करावे. उजेड आत येणार नाही अशा खोलीत, मंद पिवळ्या दिव्याखाली, ब्रशाने कापडाला एकसारखे लावावे आणि अंधारातच पुरते वाळवावे. भांडी काचेची किंवा प्लास्टिकची असावीत, धातूची नकोत, आणि एकदा या कामाला घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. हातात रबरी मोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे, आणि या द्रव्यांत तीव्र आम्ल कधीही मिसळू नये.

पाने आधी चार-आठ दिवस जाड पुस्तकात दाबून सपाट करावीत. पान कापडाला जितके चिकटून बसेल तितकी कड स्वच्छ येते. पश्चिम घाटातले नेचे, शेवग्याची डहाळी, लाजाळू, गुलमोहराचे पान, कोथिंबिरीचा तुरा, सगळ्यांचे छाप सुरेख येतात. मालवण-रत्नागिरीकडच्या भगिनींना तर खडकांवरचे शेवाळ घेऊन थेट ॲनाबाईंचीच परंपरा चालवता येईल. पाने मांडून वर काच ठेवावी आणि कापड उन्हात न्यावे. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे बहुधा पुरतात. उघडा भाग आधी निळा होतो आणि मग राखाडी, तपकिरी झाक मारू लागतो. ती झाक आली की उचलावे. पिवळे पाणी निघायचे थांबेपर्यंत साध्या पाण्यात धुवावे आणि सावलीत वाळत घालावे. पहिल्या दिवशी निळा रंग फिका वाटला तरी घाबरू नये, हवा लागून तो एक-दोन दिवसांत गडद होतो. धुताना सोडा किंवा ब्लीचिंग पावडर मात्र अजिबात लागू देऊ नये, त्याने निळाई पिवळट पडते.

असे नऊ किंवा बारा चौकोन झाले की ते गोधडीच्या तुकड्यांसारखे जोडावेत. मागे जाड अस्तर द्यावे, वरच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबूची काठी घालावी. हवे तर पानाच्या शिरांवरून पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालावा, त्याने पट उठून दिसतो आणि अस्तरही धरून राहते. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर हा पट लावू नये. उन्हाने फिका पडलाच तर काही दिवस कपाटाच्या अंधारात ठेवावा, रंग पुष्कळसा परत येतो. उन्हातून जन्मलेल्या या रंगाला विश्रांतीसाठी अंधार लागतो.

आणि शेवटचे काम विसरू नये. ॲनाबाईंच्या छापात नाव कसे येई ते आपण पाहिले. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने लिहिलेली चिठ्ठी पानाखाली ठेवली की अक्षरे कापडावर पांढरी उमटतात. प्रत्येक चौकोनात वनस्पतीचे नाव तसे घ्यावे. मग पटाच्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर आपले नाव, संपूर्ण नाव, आणि साल लिहावे. दोघी-तिघींनी मिळून केले असेल तर सगळ्यांची नावे. नुसती आद्याक्षरे नकोत, नुसते ‘सौ.’ आणि यजमानांचे नाव नको. आपल्या मंडळाच्या पुढच्या वर्धापनदिनी जे पट भिंतीवर लागतील ते आणखी साठ वर्षांनी कोणी नातीने पाहिले, तर ते कोणाच्या हातचे हे विचारायला तिला कोणाकडे जावे लागू नये.